मुंबईच्या तिजोरीचे राखणदार : फिरोजशहा मेहता

मुंबईत धोबीतलाव येथे फ्रामजी कावसजी यांच्या नावाचे एक सभागृह आहे. १८७१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात त्या सभागृहात एक सभा भरली होती. शहरातील करदाते त्या वेळी अतिशय संतापलेले होते. म्युनिसिपालिटीचा कारभार हाच सभेचा विषय असल्यामुळे सभागृह भरून गेले होते. बोलावयास उभे राहिलेले गृहस्थ होते अवघे सव्वीस वर्षांचे, विलायतेहून तीनच वर्षांपूर्वी परतलेले एक पारशी बॅरिस्टर. आपल्या मनातला राग हे तरुण वक्ते बोलून दाखवतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा होती. परंतु जसजसे भाषण पुढे सरकू लागले, तसतशी सभेत कुजबुज सुरू झाली, कुजबुजीचा गलका झाला आणि धिक्काराचे आवाज उठू लागले. ज्या अधिकाऱ्यावर सारी मुंबई रुष्ट झाली होती, त्याचीच बाजू हे बॅरिस्टर मांडीत होते! तरीही त्यांनी आपले म्हणणे अर्धवट सोडले नाही. या बॅरिस्टरांचे नाव फिरोजशहा मेहता.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील मेहेरवानजी हे व्यापारी होते. व्यापाराच्या धामधुमीतही त्यांना विद्येची आवड होती, आणि ती आवड मुलाच्या ठिकाणी पुरेपूर उतरली. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली फिरोजशहा एम. ए. झाले. हिंदी तरुणाने त्या काळी ही पदवी मिळविणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. त्यांची हुशारी पाहून कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिफारस केली आणि रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई या दानशूर गृहस्थांच्या देणगीतून त्यांना बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी विलायतेस जाता आले.

पण ते लंडनला पोहोचून फार दिवस झाले नाहीत, तोच मुंबईवर मोठे संकट कोसळले. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. जो तो शेअर घेऊ लागला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. कालचे कारकून आज लक्षाधीश झाले. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि हा सारा डोलारा पत्त्यांच्या बंगल्यासारखा जमीनदोस्त झाला. रुस्तमजींची संपत्तीही त्यात बुडाली. फिरोजशहांना मिळणारे साहाय्य थांबले. तरीही त्यांनी लंडन सोडले नाही. लिंकन्स इन या संस्थेतील अभ्यास पुरा करून ते १८६८ साली बॅरिस्टर झाले आणि मायदेशी परतले. लंडनमध्ये दादाभाई नवरोजींचा सहवास त्यांना लाभला होता. सार्वजनिक कामाची गोडी त्यांना लागली ती तेथेच.

ज्या साली मुंबईचे दिवाळे वाजले, त्याच साली, म्हणजे १८६५ मध्ये, शहराच्या कारभारासाठी नवा कायदा झाला होता. शहरातील जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित गृहस्थ, यांचे एक मंडळ करून म्युनिसिपालिटी त्याच्या स्वाधीन करण्यात आली. प्रत्यक्ष कारभार पाहण्यासाठी सरकारने एक कमिशनर नेमला. त्याचे नाव आर्थर क्रॉफर्ड. हा मनुष्य विलक्षण कामसू होता. त्याने रस्ते रुंद केले, गटारे बांधली, शहरातील घाण बाहेर नेण्याची व्यवस्था लावली, कत्तलखाने वस्तीपासून दूर वांद्र्याला हलविले. भाजीपाला, फळे आणि मांसमच्छी यांच्यासाठी त्याने एक भव्य मंडई उभारली. ती १८६९ साली पुरी झाली आणि क्रॉफर्ड मार्केट या नावाने प्रसिद्ध पावली. पुढे स्वातंत्र्यानंतर तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले.

कामे झाली खरी. पण त्यांसाठी पैसा कोठून आणावयाचा? क्रॉफर्डसाहेब खर्च करताना हात आखडता घेत नसत. मंजूर रकमेपेक्षा अधिक खर्च होई, मग कर्ज काढावे लागे, आणि कर्ज फेडण्यासाठी पट्ट्या वाढवाव्या लागत. तिकडे शहराची अवस्था कशी होती? भरभराटीच्या दिवसांत, १८६४ साली, मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली होती. १८७२ च्या खानेसुमारीत ती ६ लाख ४४ हजारांवर आली. पोटासाठी आलेली माणसे गावी परतली, घरे ओस पडली, भाडी उतरली. घरमालकाच्या हाती भाडे येत नव्हते. घरपट्टी मात्र चुकत नव्हती. अशा वेळी म्युनिसिपालिटीचे कर्ज वाढत असल्याचे लोकांच्या कानी आले आणि त्यांच्या संतापाचा भडका उडाला. १८७१ साली जस्टिसांच्या सभांतून कमिशनरवर टीकेची झोड उठली. कमिशनरची जागाच रद्द करावी आणि सारा कारभार एका समितीच्या हाती द्यावा, अशी मागणी जोराने पुढे आली. क्रॉफर्डला जावे लागले. (पुढे अनेक वर्षांनी दुसऱ्याच एका प्रकरणात या गृहस्थाचे नाव फार बदनाम झाले, पण ती गोष्ट वेगळी.)

धोबीतलावच्या सभेत फिरोजशहांनी मांडलेला विचार या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. क्रॉफर्डने उधळपट्टी केली, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु ती होऊ कोणी दिली, असा त्यांचा प्रश्न होता. हिशेब पाहण्याचा, खर्च अडविण्याचा अधिकार कायद्याने जस्टिसांच्या मंडळाला दिलेला होता. ते मंडळ गाढ झोपी गेले आणि तिजोरी रिकामी झाल्यावर जागे होऊन एकट्या कमिशनरला दोष देऊ लागले! फिरोजशहांच्या मते काम करणारा अधिकारी एकच असावा आणि तो समर्थ असावा. दहा जणांच्या हाती लगाम दिल्यास गाडी जागची हलणार नाही. मात्र त्या अधिकाऱ्यावर देखरेख करणारे मंडळ सरकारने नेमलेले असता कामा नये. जे कर भरतात, त्यांनी निवडून दिलेल्या माणसांचे ते असावे. सरकारी नेमणुकीच्या सभासदाला कोणाला जाब द्यावयाचा नसतो. निवडून आलेल्या सभासदाला मात्र आपल्या मतदाराच्या दारी पुन्हा जावे लागते.

त्या दिवशी हे म्हणणे फारच थोड्यांना पटले असेल. रागावलेल्या माणसाला अपराधी हवा असतो, व्यवस्थेचा दोष त्याला दिसत नाही. परंतु पुढल्याच वर्षी, १८७२ साली, जो कायदा झाला, त्यात फिरोजशहांच्या विचारांची छाया स्पष्ट दिसते. कमिशनरची जागा कायम राहिली. महापालिकेचे चौसष्ट सभासद ठरले. त्यांतील बत्तीस, म्हणजे निम्मे, करदात्यांनी निवडावयाचे होते. उरलेल्यांपैकी सोळा जस्टिसांनी निवडावयाचे आणि सोळा सरकारने नेमावयाचे होते. मतदानाचा हक्क ठरावीक रकमेइतका कर भरणाऱ्यांनाच होता. गिरणीतला मजूर, हमाल किंवा फेरीवाला यांना तो नव्हता. हा त्या कायद्याचा मोठाच उणेपणा. तरीही हिंदुस्थानातील एवढ्या मोठ्या शहराच्या कारभारात लोकांनी निवडलेली माणसे प्रथमच एवढ्या संख्येने बसू लागली. फिरोजशहा तेथे आरंभापासून आले आणि चाळीसहून अधिक वर्षे ते सभागृह त्यांनी सोडले नाही.

महापालिकेचे अंदाजपत्रक म्हणजे काय, याची कल्पना असल्याखेरीज फिरोजशहांच्या या दीर्घ सेवेचे मोल ध्यानी येणार नाही. घरातली कर्ती बाई महिन्याच्या आरंभी हाती येणारा पैसा पाहते आणि वाण्याचे बिल, घरभाडे, मुलांची फी यांचा मेळ घालते. शहराचा मेळही असाच घालावा लागतो. फक्त तो वर्षाचा असतो आणि पैसा दुसऱ्यांचा असतो. घरपट्टी, पाणीपट्टी, मैला वाहून नेण्याच्या कामासाठी घेतला जाणारा कर, २०१७ पर्यंत शहरात येणाऱ्या मालावर घेतली जाणारी जकात, मंडईतील गाळ्यांचे भाडे ही झाली जमेची बाजू. रस्ते, दिवे, पाणी, गटारे, इस्पितळे, शाळा, नोकरांचे पगार आणि जुन्या कर्जाचे व्याज ही झाली खर्चाची. जमेपेक्षा खर्च अधिक दिसला तर दोनच वाटा उरतात : एखादे काम मागे ठेवावयाचे किंवा पट्टी वाढवावयाची. काम मागे ठेवले तर ज्या गल्लीत गटार नाही, तेथील लोक आजारी पडतात. पट्टी वाढविली तर ती गरीब भाडेकऱ्याच्याही माथी बसते, कारण घरमालक ती भाड्यातून वसूल करून घेतो. अंदाजपत्रकावरचे वाद कडाक्याचे होतात, ते यामुळेच.

पुढे १८८८ साली मुंबई महापालिकेचा जो प्रसिद्ध कायदा झाला, त्याने या कामाची शिस्तशीर पद्धत घालून दिली. कमिशनरने पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे ठेवावयाचा. बारा सभासदांच्या या समितीने त्यातील बाब न् बाब तपासून अंदाजपत्रक बनवावयाचे. मग ते साऱ्या महापालिकेपुढे यावयाचे, तेथे त्यावर चर्चा व्हावयाची, सभासदांनी त्यात फेरफार करावयाचे, आणि नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होण्यापूर्वी ते मंजूर होऊन करांचे दर ठरावयाचे. वर्षअखेरीस तिजोरीत काही शिल्लक उरलीच पाहिजे, असेही बंधन होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, अंदाजपत्रकात ज्या खर्चाची तरतूद नाही, त्यासाठी एरवी तिजोरीतून पैसा काढता येऊ नये, असे कायद्यानेच ठरविले. हिशेबनीस आठवड्याच्या आठवड्याला हिशेब तपासू लागले. क्रॉफर्डच्या वेळी जी वाट मोकळी राहिली होती, ती अशा रीतीने बंद झाली.

हा कायदा जसा झाला तसाच प्रथम मांडण्यात आला होता, असे मात्र नाही. सरकारने तयार केलेल्या मसुद्यात कमिशनरला जवळजवळ महापालिकेच्या बरोबरीचे स्थान दिले होते. त्या वेळी फिरोजशहा मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग तेव्हा वकिली करीत असून तेही कायदेमंडळात होते. या दोघा मित्रांनी मसुद्याचे एकेक कलम चाळणीतून काढावे तसे तपासले. नगराचा कारभार महापालिकेच्या हाती आहे आणि कमिशनर हा तिचे निर्णय अमलात आणणारा अधिकारी आहे, हे तत्त्व कायद्यात असावे, यासाठी ते झगडले आणि ते त्यांनी साधले. पूर्वीच्या नगरसमितीचा अध्यक्ष सरकार नेमीत असे. नव्या स्थायी समितीला आपला अध्यक्ष आपण निवडण्याचा अधिकार मिळाला. महापालिकेचे सभासद चौसष्टांचे बहात्तर झाले. हा कायदा पुढे अनेक दुरुस्त्या होऊनही टिकून राहिला.

महापालिकेच्या सभेस येताना फिरोजशहा कागदपत्रांचा पुरा अभ्यास करून येत. कायद्याची कलमे त्यांना तोंडपाठ असत. त्यांचा पोशाख झोकदार, आवाज खणखणीत, आणि वादात प्रतिपक्षाची गय करण्याचा स्वभाव नव्हता. विनोदाचा फटकाराही ते असा मारीत की, समोरच्याला उत्तर सुचत नसे. त्यांच्या या वर्चस्वाचा काहींना राग येई, आणि तो अगदीच अकारण होता असे म्हणता येणार नाही. मोठ्या वृक्षाखाली लहान रोपटी वाढत नाहीत, तसे त्यांच्यापुढे इतर सभासद फिके पडत. परंतु सरकारचे अधिकारी सभागृहात बसलेले असताना त्यांच्या तोंडावर नकार द्यावयास उभे राहणारा पुरुष त्या काळी असाच असावा लागे.

पोलिसांच्या खर्चाचा वाद हे याचे चांगले उदाहरण होय. शहरातील पोलिसांवर हुकमत सरकारची. त्यांची नेमणूक, बदली, कवायत सारे सरकारच ठरवी. त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा मात्र महापालिकेने द्यावा, असा सरकारचा आग्रह होता. सरकारने आकडा लिहून पाठवावा आणि महापालिकेने मुकाट्याने तो अंदाजपत्रकात घालावा, हे फिरोजशहांना मान्य नव्हते. ज्या कामावर आपली सत्ता नाही, त्याचे पैसे नागरिकांनी का भरावे? महापालिकेचे खरे काम आरोग्य आणि शिक्षण हे आहे. तेव्हा पोलिसांचा खर्च सरकारने उचलावा आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शाळा आणि दवाखाने यांचा भार महापालिकेने घ्यावा, अशी अदलाबदल त्यांना हवी होती. वर्षामागून वर्षे हा वाद चालला. गव्हर्नर बदलले, कमिशनर बदलले. फिरोजशहांचे म्हणणे बदलले नाही. अखेर १९०७ सालच्या कायद्याने ही अदलाबदल मान्य झाली. जो पैसा पोलिसांच्या वाट्याला जात होता, तो मुंबईच्या मुलांच्या शाळांकडे वळविण्याची वाट मोकळी झाली.

प्रत्येक लढाईत त्यांना यश आलेच असे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. दाट वस्त्या पाडून शहर सुधारण्यासाठी सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाचे स्वतंत्र मंडळ स्थापले. त्याला महापालिकेने दरवर्षी पैसा द्यावयाचा होता. परंतु त्या मंडळात महापालिकेच्या प्रतिनिधींचे बहुमत नव्हते. फिरोजशहांनी या रचनेला कसून विरोध केला, पण तो चालला नाही.

याच सुमारास ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळाचेही सभासद होते. तेथे साऱ्या हिंदुस्थानचे अंदाजपत्रक मांडले जाई. १८९२ च्या कायद्याने सभासदांना त्यावर बोलण्याची मुभा मिळाली होती. मत देण्याचा अधिकार मात्र नव्हता. कितीही बिनतोड भाषण केले तरी त्यातील एका रुपयाचा फरक करणे सभासदांच्या हाती नव्हते. फिरोजशहांनी तेथेही निर्भयपणे टीका केली आणि सरकारी सभासदांना ती झोंबली. १९०१ साली प्रकृतीच्या कारणाने त्यांनी ती जागा सोडली आणि त्यांच्या जागी गोपाळ कृष्ण गोखले गेले. परंतु मुंबईची महापालिका त्यांनी सोडली नाही. कलकत्त्याच्या भव्य दिवाणखान्यात जे करता येत नव्हते, ते येथे करता येत होते. येथे हात वर करून खर्च नामंजूर करता येत असे.

काही युरोपियन अधिकारी आणि त्यांचे मित्र यांना ही गोष्ट दीर्घकाळ सलत होती. १९०७ साली त्यांनी फिरोजशहांना महापालिकेबाहेर काढण्याचा घाट घातला. फिरोजशहा जस्टिसांच्या मतदारसंघातून निवडून येत. त्या सोळा जागांसाठी या गटाने आपली सोळा जणांची यादी तयार केली आणि ती निवडून यावी म्हणून जिवापाड खटपट केली. मते मोजली गेली तेव्हा फिरोजशहांचा क्रमांक सतरावा आला! ज्या सभागृहात त्यांनी पस्तीस वर्षे घालविली, त्याचे दार त्यांना बंद झाले. शहरात खळबळ उडाली. जागोजाग निषेध झाला. पण थोड्याच दिवसांत निराळाच प्रकार घडला. निवडून आलेल्या सोळांपैकी एका गृहस्थाचा महापालिकेच्या कंत्राटाशी संबंध असल्याचे निघाले. ज्याला महापालिकेकडून पैसा मिळतो, त्याने तिच्या पैशाच्या निर्णयात भाग घेऊ नये, म्हणून अशा माणसास सभासद होण्यास कायद्याने मनाई होती. ती निवड रद्द झाली आणि सतराव्या क्रमांकाचे फिरोजशहा सभासद झाले. ज्या कायद्याची कलमे घासूनपुसून तयार करण्यात त्यांनी रात्री घालविल्या, त्यातीलच एक कलम त्यांना परत सभागृहात घेऊन आले.

फिरोजशहांच्या इतर कार्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. १८८५ साली तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८९० साली कलकत्त्याच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १९०४ साली सरकारने त्यांना सर हा किताब दिला. १९१३ साली त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू केले. मुंबईचा अनभिषिक्त राजा असे लोक त्यांना म्हणत.

महापालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चार वेळा आले : १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ या साली. १८८४ साली, ते अध्यक्ष असतानाच, बोरीबंदर स्टेशनासमोर महापालिकेच्या नव्या इमारतीची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसविण्यात आली. १८९३ साली ती इमारत पुरी झाली आणि पुढली बावीस वर्षे फिरोजशहा तेथे येऊन आपल्या जागेवर बसत राहिले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९२३ साली, त्याच इमारतीच्या प्रवेशद्वारासमोर त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला.